वळणाचा जिना: आखणीपासून हातकठड्यापर्यंत

सोमवार

आज फक्त आखणी. वळणाचा जिना कागदावर जमला तरी खरा ठरतो तो जमिनीवर, पूर्ण मापात आखल्यावरच. मापं अशी: खालून वर 2880 मिमी उंची, जिन्याची रुंदी 900, आतली त्रिज्या 1000, बाहेरची 1900. उंची तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंतच घ्यायची. फरशी नंतर बसणार असेल तर तिची जाडी मसाल्यासकट आत्ताच धरायची. नाहीतर खाली फरशी चढली की पहिली पायरी बुटकी होते, वर चढली की शेवटची उंच होते, आणि माणूस नेमका तिथेच अडखळतो.

2880 ला 16 ने भागलं की 180 चा चढ, म्हणजे एका पायरीची उंची, येते. चढ 16, पण बनवायच्या पायऱ्या 15, कारण सोळावी म्हणजे वरची जमीनच. चालण्याची रेषा मधोमध, 1450 त्रिज्येवर, आणि तिथे पाऊल, म्हणजे पायरीची पुढून मागे रुंदी, 270. चढाची दुप्पट अधिक पाऊल 600 ते 640 मध्ये बसावं असा जुना नियम आहे. इथे 630 भरतं. यावरून एका पायरीचा कोन 10.67 अंश आणि पंधरांचा मिळून 160. याच कोनात आतल्या कडेला पाऊल 186 मिळतं आणि बाहेरच्या कडेला 354. म्हणजे आतून जिना 44 अंशांनी चढतो, बाहेरून 27 अंशांनी. चढ सारखा, वाट वेगळी. या कामातली जवळजवळ प्रत्येक अडचण इथूनच निघते.

केंद्रावर खिळा ठोकावा आणि त्रिज्येसाठी दोरी वापरू नये; ताण बदलला की माप बदलतं. सरळ लाकडी पट्टीला 1000, 1450 आणि 1900 वर भोकं पाडली की तीन कंस नीट निघतात. पायऱ्यांच्या खुणा करताना अजून एक जागा फसवी आहे. बाहेरच्या कंसावर पाऊल 353.8 आहे, पण कर्काटकाची दोन टोकं सरळ रेषेत मोजतात, ते अंतर 353.3 येतं. अर्धा मिलिमीटर क्षुल्लक वाटतो, पण पंधरा पायऱ्यांत साडेसात मिमीच्या वर जातो. म्हणून कंसाची दोन टोकं आधी पक्की करावीत आणि मधले भाग त्यात बसवावेत. उंचीचंही तसंच: एका उभ्या पट्टीवर सोळाही खुणा एकदम करून ठेवायच्या आणि प्रत्येक पायरी त्या पट्टीवरूनच तपासायची, खालच्या पायरीवरून नाही.

डोक्यावरची मोकळीक 2000 हवी. वरचा स्लॅब 150 चा धरला तर त्याचा तळ 2730 वर येतो, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंतच डोक्यावर स्लॅब चालेल. पाचवीपासून वर मोकळं हवं.

बुधवार

दोन्ही स्ट्रिंगर, म्हणजे पायऱ्यांना आतून आणि बाहेरून धरणाऱ्या चढत्या पट्ट्या, 12 मिमी लोखंडी प्लेटचे. गोल कंसावर चढत जाणारी पट्टी उलगडून जमिनीवर ठेवली की ती सरळ असते. सगळ्या पायऱ्या सारख्या असतील तर प्लेट सरळच कापायची, आधी वाकडी कापण्याचा प्रश्नच नाही. पट्टीची खोली उभ्या मापात दोन्हीकडे 300 ठेवली, म्हणजे पायरीच्या खुणा दोन्ही स्ट्रिंगरवर वरच्या काठापासून सारख्याच अंतरावर येतात. उताराला काटकोनात पाहिलं तर आतली पट्टी 216 ची दिसेल आणि बाहेरची 267 ची. ज्यांना दोन्ही दिसायला सारख्या हव्यात त्यांनी उभं माप वेगळं ठेवावं आणि पायऱ्यांच्या खुणा प्रत्येकीसाठी स्वतंत्र काढाव्यात. माझं मत उभ्या मापाच्या बाजूने. चूक कमी होते.

बाहेरच्या पट्टीची उताराची लांबी 5955 भरते. 6 मीटरची प्लेट पुरेल असं वाटतं, पण दोन्ही टोकं ओळंब्यात कापायची म्हणजे आणखी 136 लागतात. एकूण 6091. प्लेट लांब मागवायची किंवा सांधा धरायचा. सांधा मधोमध नको, टोकापासून सुमारे एक तृतीयांशावर, दोन्ही कडांना उतार घासून पूर्ण जाडीत वेल्ड भरून. बाहेरची पट्टी साधारण 150 किलो भरते, आतली 79. उचलायची सोय आधी हवी.

रोलिंगला, म्हणजे रोलरमधून गोल वळवायला, देण्याआधी प्लेटवर प्रत्येक पायरीच्या ओळंब्याच्या रेषा खडूने आखायच्या. त्या रेषा रोलरला समांतर राहतील अशी प्लेट तिरपी आत सोडायची. सरळ सोडली तर गोल कडं तयार होतं, ते वर चढत नाही. तिरपेपणा कोणत्या बाजूला, यावर जिना डावा की उजवा हे ठरतं आणि उलट झालं की ती प्लेट भंगारात. म्हणून ‘वर’ आणि ‘बाहेर’ हे दोन शब्द रंगाने मोठे लिहून ठेवावेत.

लोखंड रोलरमधून सुटल्यावर थोडं परत उघडतं, तेव्हा किंचित जास्त वळवून फर्म्याने तपासायचं. फर्मा म्हणजे वळणाचा नमुना, प्लायवूडचा, आतल्या पट्टीसाठी 1000 त्रिज्येचा, आणि तो आडवाच धरायचा, पाणसळीत. प्लेटच्या लांबीला धरून लावला तर बसणारच नाही, कारण उताराच्या दिशेने तीच प्लेट 1933 च्या त्रिज्येने वळलेली असते. चांगली रोल झालेली पट्टी या चुकीच्या तपासणीमुळे पुन्हा मशीनवर चढते आणि बिघडते.

शुक्रवार

उभारणी आखणीवरच. तात्पुरते टेकू लावून स्ट्रिंगर उभे केले की प्रत्येक खुणेवरून ओळंबा सोडायचा. गोळ्याचं टोक जमिनीवरच्या कंसावर यायलाच हवं.

वळणाचा स्ट्रिंगर भाराखाली नुसता वाकत नाही, पिळवटतो. उभ्या पट्टीत पीळ सोसायची ताकद फार कमी. त्यामुळे कोपऱ्यात चार क्लीट (लोखंडाचे छोटे आधार) लावून वर लाकूड स्क्रूने बसवलं तर जिना पायाखाली हलतो. प्रत्येक पायरीखाली 6 मिमी प्लेटचा पूर्ण तळ दोन्ही स्ट्रिंगरना जोडला की सगळी चौकट एक होते. वरच्या स्लॅबच्या जोडावर आणि खालच्या अँकरवर किती ताण येतो, हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्यावं, अंदाजाने नको.

आधी सगळे तळ फक्त टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) करायचे, पुन्हा ओळंबा, मगच वेल्ड. 30-40 मिमीचे तुकडे, एकदा आत, एकदा बाहेर, एकदा खाली, एकदा वर. एका कडेने सलग वेल्ड मारत गेलं की आकसणारं लोखंड पूर्ण जिना त्या बाजूला ओढून नेतं.

रविवार

पायऱ्यांचं लाकूड 40 मिमी जाड, ओलावा 8 ते 12 टक्के. लाकडाची रेघ पायरीच्या लांबीत, पाचरीसारख्या पायरीच्या मध्यरेषेला धरून. जोडलेल्या फळीतून पाचरी उलटसुलट कापल्या की नासाडी कमी. बाहेरच्या टोकाला 350 रुंदीचं ओक हवेतल्या बदलाने 4-5 मिमी सहज फुगतं-आकसतं. तळाच्या प्लेटला मधल्या ओळीत गोल भोकं आणि पुढे-मागे 20 लांबीच्या खाचा ठेवल्या तर लाकूड सरकतं. सगळीकडे गोल भोकं ठेवली की तडतं. लाकूड आणि लोखंडात पातळ रबराची पट्टी हवी: करकर थांबते आणि ओकमधलं टॅनिन ओल्या लोखंडाला लागून पडणारे काळे डागही टळतात. स्क्रू स्टेनलेसचे.

मागून उघडी पायरी असेल तर 180 मधून लाकडाचे 40 आणि तळाच्या प्लेटचे 6 गेले, सुमारे 134 ची फट उरली. लहान मुलाचं डोकं आत जाऊ नये म्हणून फट 100 च्या आत हवी. मध्ये एक सळई किंवा पायरीच्या मागच्या कडेखाली 45 ची पट्टी पुरते. कठड्याच्या सळयांनाही तेच माप.

हातकठडा 5 मिमीच्या आठ पट्ट्या चिकटवून, पायरीच्या नाकापासून 900 उंचीवर. पट्ट्याही उलगडल्यावर सरळच असतात, त्यामुळे वळण सोपं जातं. आतल्या बाजूला पीळ मात्र जास्त, तिथे क्लॅम्प दाट लागतात. साधा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, इपॉक्सी घ्यावा. बाहेरच्या थराला आतल्यापेक्षा सुमारे 100 मिमी जास्त वाट कापावी लागते, म्हणून पट्ट्या लांब ठेवायच्या आणि टोकं शेवटी कापायची. क्लॅम्प काढल्यावर वळण दीड टक्क्याच्या आसपास उघडतं, ते ब्रॅकेटचे स्क्रू मधल्या ब्रॅकेटपासून दोन्ही टोकांकडे आवळत नेले की परत जागेवर येतं.