पेंबर्लीची चौकशी, वऱ्हाडातल्या ओसरीवर

आत्याचा गुडघा दुखावल्याचे कळले आणि पेरण्यांची धांदल आटोपण्याच्या सुमारास मी अमरावती जिल्ह्यातल्या तिच्या गावी जायला निघाले. पिशवीत जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ होती. प्रवासात ही कादंबरी मी बरोबर ठेवते, कारण ती कोणत्याही पानावर उघडली तरी चालते, आणि जाड इंग्रजी पुस्तक पाहून शेजारचा प्रवासी गप्पा मारण्याच्या फंदात पडत नाही. अमरावतीपर्यंतच्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे काही नाही. रात्रभर गाडीतल्या एसीने कुडकुडवले आणि सकाळी बाहेरच्या दमट उकाड्याने घाम काढला, एवढेच.

वाटेत कौंडण्यपूरला थांबले. वर्धा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे भीष्मक राजाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर, अशी परंपरेची श्रद्धा आहे. आषाढीसाठी इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. ती आधीच मार्गस्थ झालेली असल्यामुळे देवळात गर्दी नव्हती, आणि गर्दी नसलेले देऊळ मला नेहमीच अधिक आवडते. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीने कृष्णाला पाठवलेले सात श्लोकांचे पत्र आहे. भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न तिला नको होते, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी अंबिकेच्या दर्शनाला मी नगराबाहेर येईन तेव्हा मला घेऊन जावे, हा सगळा बेत तिनेच आखून कळवला होता. लग्न लवकर जुळावे म्हणून मुलींना एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचायला बसवणाऱ्या घरांतून या तपशिलाविषयी फारसे बोलले जात नाही, याची मला गंमत वाटते.

पुढे काळीपिवळीच्या चालकाने मला गावाच्या फाट्यावर उतरवून दिले. पावसात पांदणीत गाडी घालणार नाही, असे त्याने भाडे घेतल्यानंतर सांगितले, हे विशेष. दोन्ही बाजूंना नुकतीच उगवलेली कपाशी, मध्ये बंडीच्या चाकोऱ्यांत साचलेले पाणी, आणि पायाखाली ती वऱ्हाडची काळी माती. ही माती पायाला नुसती लागत नाही, ती पायाबरोबर चालू लागते. आधी चपलेच्या तळाला एक पातळ थर बसतो, मग त्या थराला गवताच्या काड्या, पऱ्हाटीचे तुकडे आणि आणखी माती धरते, आणि पाचपन्नास पावलांत माणूस चार बोटे उंच होऊन डगमगू लागतो. मी धुऱ्यावरची बाभळीची काडी घेऊन तळवे खरवडत होते, तेवढ्यात वावरात निंदण करणारी एक बाई ओरडली, “चप्पल हातात घे वं बाई, नाही तं पट्टा तुटन!” पावसाळ्यात इकडे येणाऱ्याने कोणते पादत्राण घालावे असे मला विचाराल, तर माझ्याजवळ उत्तर नाही, चप्पल असो वा बूट, शेवटी ते हातातच येते.

अनवाणी चालताना मला अर्थातच या कादंबरीची नायिका एलिझाबेथ बेनेट आठवली. थोरली बहीण जेन नेदरफील्डच्या वाड्यात आजारी पडली आहे असे कळताच ती घरून पायी निघते, शेते तुडवत, कुंपणे आणि डबकी ओलांडत तीन मैल, म्हणजे पाचेक किलोमीटर, एकटी चालते आणि चिखलाने भरलेल्या मोज्यांसह त्या श्रीमंत मंडळींच्या न्याहारीच्या दालनात जाऊन उभी राहते. तिच्या परकराला सहा इंच चिखल लागला होता, हे त्या वाड्यात राहणाऱ्या बिंगले नावाच्या तरुणाच्या बहिणींनी नेमके मोजून ठेवले. माझे अंतर तिच्या निम्म्यानेही नव्हते आणि कारणही बहिणीचे आजारपण नसून आत्याचा गुडघा होता. तरी या कादंबरीतल्या आवडत्या प्रसंगांत मी या चालण्याला फार वरचे स्थान देते. नायिका कोणासाठी नटूनथटून नव्हे, तर बहिणीच्या काळजीने केस विस्कटून येते आणि बिंगलेचा मित्र आणि कथेचा नायक डार्सी याच्या मनात ती नेमकी त्याच अवस्थेत ठसते. नंतरच्या साऱ्या नृत्यांपेक्षा मला हे अधिक विश्वासार्ह वाटते.

आत्याच्या अंगणात माझ्या साडीच्या काठाकडे कोणी पाहिलेही नाही. मी दगडावर पाय घासू लागले तेव्हा ती ओसरीवरूनच म्हणाली, “घासू नोको. वाळू दे. वाळला का आपोआप झडते.” मग त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी तिने पाटवडीचा रस्सा केला, मला उठू दिले नाही आणि तिसरी भाकरी मी नको म्हणत असताना ताटात वाढली. वऱ्हाडी पाहुणचाराविषयी माझे मत एकदाचे लिहून टाकते. तो अतिशय मनापासूनचा असतो आणि त्यात पाहुण्याच्या पोटाचा विचार मुळीच केलेला नसतो.

त्यानंतरचे दिवस पावसात आणि विजेच्या लपंडावात गेले. संध्याकाळी दिवे गेले की शेजारच्या बायका ओसरीवर येऊन बसत, आणि दूरदर्शनसंच बंद असल्यामुळे माझ्या पुस्तकाची चौकशी होई. एके संध्याकाळी आत्याने फर्मावले, “वाचतं काय तं सांग तरी.” तेव्हापासून मी रोज थोडी थोडी कथा सांगत गेले.

पुण्यामुंबईच्या वाचकाला या कादंबरीत जी गोष्ट समजावून द्यावी लागते, ती इथे अर्ध्या वाक्यात कळली. बेनेट यांना पाच मुली, मुलगा नाही, त्यामुळे त्यांच्या पश्चात सगळी जमीन कॉलिन्स नावाच्या दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार, असे सांगताच एकीने आपण भावाला हक्कसोडपत्र कसे करून दिले ते सांगायला सुरुवात केली, दुसरीने आपण सही केली नाही म्हणून माहेर कसे तुटले ते सांगितले, आणि कथा त्या दिवशी तेथेच थांबली. सतत मुलींच्या लग्नाचा घोर करणाऱ्या बेनेटबाईंना हसायचे असते, असा आपला समज असतो. ओसरीवर त्यांना कोणी हसले नाही.

कॉलिन्सच्या मागणीला मात्र मनमुराद हशा मिळाला. एलिझाबेथ नकार देते आणि हा गृहस्थ तो नकार म्हणजे कुलीन मुलींचा लाजरा होकार आहे असे धरून पुढे बोलतच राहतो, हे मला दोनदा सांगावे लागले. पुढे तिची मैत्रीण शार्लट, वय सत्तावीस, रूप बेताचे, त्याच कॉलिन्सला डोळे उघडे ठेवून होकार देते. या प्रसंगाने एलिझाबेथप्रमाणे मलाही वाचताना खट्टू व्हायला होते. आत्या म्हणाली, “बरं केलं तिनं. घर तं भेटलं.” शेजारची सून म्हणाली, “पन नवरा येडपट!” त्यावर एका वयस्क बाईने शांतपणे सांगितले, “येडपट परवडते, दारुडा नाही परवडत.” यावर कोणी काही बोलले नाही, आणि माझ्याजवळही त्याला उत्तर नव्हते.

डार्सीची पहिली मागणी हा या कादंबरीतला सर्वांत गाजलेला प्रसंग. मी तो पूर्ण तयारीनिशी सांगितला. वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी, तुमचे घराणे माझ्या बरोबरीचे नाही, मी मनाशी खूप झगडलो, पण माझे तुमच्यावर प्रेम आहे, असे सांगतो, होकार गृहीत धरतो आणि एलिझाबेथकडून साफ नकार ऐकतो. “मांगनी घालायले आला का भांडाले?” असे आत्याने विचारले आणि प्रसंग संपला. खरे सांगायचे तर मलाही त्या भाषणापेक्षा दुसऱ्या दिवशीचे डार्सीचे पत्रच अधिक प्रिय आहे. दोन मोठे ताव गच्च भरून वर लिफाफ्याची बाजूही लिहून काढलेले ते पत्र एलिझाबेथ डार्सीच्या मावशीच्या रोझिंग्ज या वाड्याच्या परिसरात चालता चालता वाचते. प्रथम रागाने वाचते, पुन्हा कधी उघडायचे नाही असे ठरवून घडी घालते, अर्ध्या मिनिटात घडी मोडते, आणि डार्सीविरुद्ध तिचे कान भरणाऱ्या विकहॅम या तरुण अधिकाऱ्याने सांगितलेले एकेक वाक्य आठवून त्या पत्राशी ताडून पाहते. आपण माणसे चांगली ओळखतो हा तिचा अभिमान त्या वाटेवर गळून पडतो. बाई एकटी चालते आहे आणि विचार करते आहे, याखेरीज त्या प्रकरणात काहीही घडत नाही. प्रेमकथेत असे प्रकरण घालण्याचे धाडस आजही थोडेच लेखक करतील. आत्याचे मत वेगळे पडले. “चिठ्ठी त्यानं काऊन लेहली? आपल्या रुक्मिणीनं तं सोताच धाडली होती,” असे तिने रुक्मिणीच्या माहेराच्या अभिमानाने ऐकवले. कौंडण्यपूरच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या बाईशी या मुद्द्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पण ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसले, तो पेंबर्लीचा. मामा-मामींबरोबर डर्बीशायरला फिरायला गेलेली एलिझाबेथ मालक घरी नाही याची खात्री करून डार्सीचा वाडा पाहायला जाते. बहुतेक वाचकांच्या मनात राहते ते उद्यान, ओढा, चित्रांच्या दालनातली त्याची तसबीर आणि मग हिरवळीवर त्याचे अचानक समोर येणे. वाडा दाखवणारी कारभारीण मिसेस रेनॉल्ड्स मधल्या मध्ये विसरली जाते. मालक चार वर्षांचे होते तेव्हापासून मी त्यांना ओळखते, त्यांनी मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, गोरगरिबांशी ते चांगले वागतात, असे ती सांगते. मला हा भाग नेहमी लेखिकेने करून घेतलेली सोय वाटत असे. नायकाची बाजू मांडायला पगारी माणूस उभा केला की काम झाले, असा माझा आक्षेप मी ओसरीवरही बोलून दाखवला.

आत्या गुडघ्याला तेल चोळत होती. हात थांबवून म्हणाली, “मंग कोनाले इचाराव? नवरदेवाच्या मायले?”

मग तिने तिच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली, जी मी आमच्या घरात कधीच ऐकली नव्हती. स्थळ पाहायला माझे आजोबा या गावी आले, तेव्हा ते आधी घरात गेलेच नाहीत. “गोठ्यात गेले,” आत्या म्हणाली. “सालगड्यापाशी बसले, तंबाखू मळली, त्याले देल्ली. अन् इचारलं, पाडव्याले धनी बदलतू काय बा? तो म्हने, बारा वर्सं झाले, कायले बदलू?” सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला संपते आणि त्या दिवशी तो दुसऱ्याकडे जायला मोकळा असतो, हे मला ठाऊक होते. त्या एका प्रश्नात आजोबांनी सगळे स्थळ तपासून घेतले, हे मला नव्याने कळत होते. गडी मालकाच्या धाकाने खोटे बोलला असता तर, असे मी विचारले. “तोंडानं बोलन खोटं. पन राह्यला ना बारा वर्सं?” मग तेलाची वाटी बाजूला सारून ती म्हणाली, “गडी खरं बोलला होता.” तिच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. पुढे त्याविषयी ती काही बोलली नाही. तो डार्सी मग वाड्यावर आला का, एवढेच तिने विचारले.

मी नंतर चिमणीच्या उजेडात ते प्रकरण पुन्हा वाचले. डार्सीचे वय अठ्ठावीस आहे. म्हणजे मिसेस रेनॉल्ड्स त्या घरात चोवीस वर्षे टिकून आहेत. ऑस्टिनने हा आकडा वाचकासमोर कोठेही मांडलेला नाही, दोन वेगवेगळ्या ठिकाणी त्याचे तुकडे ठेवलेले आहेत. मालकीण होण्याचे स्वप्न क्षणभर पाहणारी एलिझाबेथ तिथे नुसती भिंती आणि पडदे पाहत नाही, ती स्थळाची चौकशी करते आहे, तीही नकार देऊन झाल्यावर.

डार्सीची मावशी लेडी कॅथरीन हिच्या प्रसंगाने ओसरी जिंकणार याची मला खात्री होती आणि तसेच झाले. एवढी मोठी जमीनदारीण गाडी जोडून येते, माझ्या भाच्याशी लग्न करणार नाही असे वचन मागते, आणि एलिझाबेथ लग्न ठरलेले नाही हे कबूल करूनही तसे वचन द्यायचे साफ नाकारते. सुनांना हा प्रसंग फार आवडला. सासवांना थोडा कमी. त्यानंतरच्या दुसऱ्या मागणीने मात्र सगळ्यांची निराशा केली, कारण लेखिका एलिझाबेथचा होकार तिच्या तोंडून ऐकवतच नाही, तो आपल्या निवेदनात गुंडाळून टाकते. मला हा संकोच आवडतो. आत्याला ती फसवणूक वाटली.

शेवटच्या संध्याकाळी लिहिणाऱ्या बाईचे लग्न झाले होते का, असा प्रश्न आला. मी सांगितले की, १८०२ च्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर या ओळखीच्या घरातल्या तरुणाने तिला मागणी घातली, तेव्हा ती शार्लटच्याच वयाला टेकली होती. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेतला. तिने लग्न केले नाही, ही कादंबरी १८१३ साली आपले नाव न घालता छापली, तिचे हक्क ११० पौंडांना विकले आणि १८१७ साली एक्केचाळिसाव्या वर्षी ती वारली. “रातभर इचार तं केला,” आत्या समाधानाने म्हणाली. शेजारच्या सुनेने मात्र त्या पोराकडे जमीन किती होती ते विचारले. मी म्हटले, पुष्कळ होती, तो मोठ्या वाड्याचा वारस होता. त्यावर लेखिकेने नकार देऊन चूक केली की बरोबर केले, यावरून ओसरीवर जो वाद पेटला, त्यात मला पुन्हा तोंड उघडायला कोणी जागा दिली नाही.