ब्लू-आईज डेक: सहावा रविवार

काल जुळे सोलापुरात मित्राच्या गच्चीवर युगिओ या कार्डांच्या खेळाचे चार डाव झाले. दोन जिंकलो, दोन गेले. पण चारही डावांत माझ्या डेकमधलं (खेळायच्या गठ्ठ्यातलं) मुख्य कार्ड, ब्लू-आईज व्हाईट ड्रॅगन, मैदानात उतरलं. असं पहिल्यांदाच घडलं, म्हणून नोंद लगेच लिहितोय.

हे लेव्हल ८ चं मॉन्स्टर कार्ड. अटॅक ३०००, डिफेन्स २५००, स्वतःचा इफेक्ट काहीच नाही. हातातून सरळ उतरवायचं तर मैदानावरचे आपले दोन मॉन्स्टर ट्रिब्यूट द्यावे, म्हणजे बळी द्यावे लागतात. पहिले तीन रविवार मी त्याच मार्गाने गेलो. दोन छोटे मॉन्स्टर कसेबसे जगवायचे आणि मग ड्रॅगन आणायचा. समोरचा तेवढा वेळ देतो कुठे!

मग वही घेऊन बसलो. ४० कार्डांत तीन ब्लू-आईज ठेवले, तर पहिल्या पाच कार्डांत किमान एक येण्याची शक्यता साधारण ३४ टक्के. तीनपैकी दोन डावांत तो सुरुवातीला दिसणारच नाही. तेव्हा लक्षात आलं, मेहनत बाकीच्या ३७ कार्डांवर घ्यायला हवी.

आता डेकचा कणा द मेलडी ऑफ अवेकनिंग ड्रॅगन हे कार्ड. हातातलं एक कार्ड टाकायचं आणि अटॅक ३००० किंवा जास्त, डिफेन्स २५०० किंवा कमी असे दोन ड्रॅगन डेकमधून हातात घ्यायचे. मी एक ब्लू-आईज घेतो आणि एक ब्लू-आईज अल्टरनेटिव्ह, म्हणजे त्याचाच इफेक्ट असलेला भाऊ. हातातला ब्लू-आईज नुसता दाखवला की अल्टरनेटिव्ह त्याच टर्नला उतरतो, ट्रिब्यूट लागत नाही. टाकलेलं कार्ड द व्हाईट स्टोन ऑफ एन्शंट्स असेल तर दुधात साखर. टर्नच्या शेवटी, एंड फेजला, तो डेकमधून आणखी एक ब्लू-आईज थेट मैदानात आणतो. दुसऱ्या डावात हे जुळून आलं आणि समोरच्याकडे उत्तरच उरलं नाही. २०१६ च्या जागतिक स्पर्धेतला विजेता डेक ब्लू-आईजचाच होता, ते का, हे काल हाताला कळलं.

इफेक्ट नसण्याचाही उपयोग आहे. सिल्व्हर्स क्राय हे कार्ड ग्रेव्हयार्डमधून (टाकलेल्या आणि नष्ट झालेल्या कार्डांच्या ढिगातून) फक्त नॉर्मल, म्हणजे इफेक्ट नसलेला ड्रॅगन परत आणतं, म्हणजे आपला ब्लू-आईज चालतो. पण आधी तो ग्रेव्हयार्डमध्ये पोचायला हवा. तिसऱ्या डावात दोन ब्लू-आईज आणि सिल्व्हर्स क्राय हातात धरून बसलो, टाकायला वाट नाही. ड्रॅगन उतरला तोवर फार उशीर झाला होता.

चौथा डाव मात्र माझ्या घाईने गेला. समोर अटॅक पोझिशनमध्ये १८०० चा मॉन्स्टर, समोरच्याचे लाइफ पॉइंट १२०० उरलेले. मी अल्टरनेटिव्हच्या इफेक्टने तो मॉन्स्टर नष्ट केला. पण इफेक्ट वापरला की त्या टर्नला अल्टरनेटिव्हला हल्ला करता येत नाही. त्या मॉन्स्टरवर ३००० च्या अल्टरनेटिव्हने सरळ हल्ला केला असता तर अटॅकमधला फरक बरोबर १२०० चा होता, समोरच्याचे उरलेले पॉइंट संपून डाव तिथेच संपला असता. रात्री झोपताना तेच आठवत होतं.

कार्डांबद्दल एक सांगतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात फॉइल (चकचकीत थराची) कार्डं वाकतात, कारण कागद सुकून आकसतो आणि फॉइल आकसत नाही. मी कार्डांना डबल स्लीव्ह (प्लास्टिकची पाकिटं) घालून डबा घट्ट बंद ठेवतो. मॅट म्हणून घरची चादर अंथरतो. तिच्या जाडीमुळे कार्ड नखाने खरवडावं लागत नाही, अलगद उचलता येतं. भाकरी आणि शेंगाचटणी डाव संपल्यावरच, कारण चटणीचं तेल स्लीव्हवरून जाता जात नाही.

पुढच्या रविवारसाठी एक सिल्व्हर्स क्राय काढून तिसरं ट्रेड-इन कार्ड घालतोय. लेव्हल ८ चा मॉन्स्टर टाकून दोन कार्डं ओढता येतात, म्हणजे हातात अडकलेल्या ब्लू-आईजला ग्रेव्हयार्डची वाट मिळेल.