एलजीचा फोन अजून ड्रॉवरमध्ये असेल तर

३० जून २०२५ ला एलजीने आपल्या फोनसाठीचे अपडेट सर्व्हर बंद केले. फोनचा धंदा गुंडाळत असल्याचं कंपनीने त्याच्या चार वर्षं आधी, ५ एप्रिल २०२१ ला जाहीर केलं होतं. तोपर्यंत सलग २३ तिमाह्यांचा तोटा झाला होता आणि एकूण खड्डा सुमारे ५ लाख कोटी वॉनचा होता. मधल्या काळात निदान अधूनमधून एखादं अपडेट येत होतं. आता फोनमधल्या अपडेट सेंटरवर कितीही बोट दाबलं तरी पलीकडे कोणी नाही.

आपल्याकडे हा प्रश्न फक्त जुन्या आठवणींचा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्लिपकार्टच्या सेलमध्ये जी८एक्स थिनक्यू हा दोन स्क्रीनचा फोन सुमारे ५० हजारांवरून १९,९९० रुपयांना आला होता. बारा तासांच्या आत १.७५ लाखांहून जास्त फोन विकले गेल्याचं कंपनीनेच सांगितलं होतं. स्नॅपड्रॅगन ८५५ प्रोसेसर, ६ जीबी रॅम, ४००० एमएएच बॅटरी आणि सोबत दुसरी स्क्रीन असलेलं कव्हर, त्या किमतीत दुसरं काहीच मिळत नव्हतं. पण एवढी मोठी विक्री झाल्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत दुकान बंद झालं. ते फोन अजून घराघरांत आहेत. त्यांचं काय करायचं ते पुढे येतंच, पण आधी हे का झालं ते नीट पाहायला हवं, कारण फोन बिघडण्याची आणि फोनचा धंदा बुडण्याची कारणं इथे एकमेकांत गुंतलेली आहेत.

एलजीला तंत्रज्ञान जमत नव्हतं, हे म्हणणं साफ चूक आहे. बोटाच्या नुसत्या स्पर्शाने चालणारी कपॅसिटिव्ह स्क्रीन एलजीच्या प्राडा फोनमध्ये आयफोनच्या आधी आली. चॉकलेट आणि कुकी हे फोन आपल्याकडेही कॉलेजच्या पोरांच्या हातात दिसायचे. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात २००५ च्या सुमारास जीएसएम हँडसेट बनायला लागले होते. एके काळी नोकिया आणि सॅमसंगच्या खालोखाल जगात तिसरा नंबर एलजीचा होता. मग फेब्रुवारी २००९ मध्ये, अँड्रॉइड नुकतं उभं राहत असताना, कंपनीने मायक्रोसॉफ्टशी हात मिळवून विंडोज मोबाइलवर भर द्यायचं ठरवलं. तो डाव फसला. सप्टेंबर २०१० मध्ये मुख्य अधिकारी नाम योंग पायउतार झाले आणि एलजी अँड्रॉइडच्या गाडीत उशिरा चढली.

तरीही चढली ती दणक्यात. २०१३ चा जी२ आजही हातात घेतला तर कळतं की कोणीतरी मन लावून बनवलाय. बटणं मागे, कॅमेऱ्याच्या खाली, जिथे तर्जनी आपोआप टेकते. स्क्रीनवर दोनदा टकटक केलं की फोन जागा. पण पुढच्याच वर्षीच्या जी३ मध्ये एलजीने हावरटपणा केला. फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल असतात, जी३ च्या क्यूएचडी स्क्रीनवर ३६,८६,४००. म्हणजे पावणेदोन पटीहून जास्त. ग्राफिक्स चिप मात्र जी२ मधलीच ॲड्रिनो ३३०, आणि बॅटरीही तेवढीच, ३००० एमएएच. परिणाम व्हायचा तोच झाला. फोन तापायचा, आणि तापला की स्क्रीनचा उजेड आपोआप उतरायचा. आपल्या उन्हाळ्यात, म्हणजे उजेडाची जेव्हा खरी गरज, तेव्हाच. भारतात जी३ जुलै २०१४ मध्ये ४७,९९० रुपयांना आला आणि त्याच महिन्यात शाओमीचा एमआय ३ स्नॅपड्रॅगन ८०० घेऊन १३,९९९ ला आला. माझ्या मते भारतापुरतं बोलायचं तर एलजीचा खेळ त्या महिन्यातच फिरला.

आता जी४. यावर जरा थांबायला हवं, कारण विश्वास तुटला तो इथे.

२०१५ चा जी४ दिसायला देखणा, पाठीला खरं चामडं, एफ/१.८ चा कॅमेरा, निघणारी बॅटरी. काही महिने व्यवस्थित चालायचा. मग एक दिवस वापरता वापरता गोठायचा, बंद पडायचा, एलजीचा लोगो दाखवायचा, पुन्हा बंद, पुन्हा लोगो. याला बूटलूप म्हणतात. भागांमधला संपर्क सैल होतो, हे कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये मान्य केलं. रिपेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर यात प्रोसेसर आणि रॅम दोन मजली बसवलेले असतात, खाली स्नॅपड्रॅगन ८०८ आणि त्याच्या डोक्यावर रॅम. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणारे टाचणीच्या डोक्याहून बारीक सोल्डरचे शेकडो गोळे असतात. चिप तापते, निवते, पुन्हा तापते. प्रत्येक वेळी चिप आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि शिसं नसलेलं सोल्डर तसं कडक असल्याने त्याला हळूहळू तडे जातात. जोड सुटला की रॅमपर्यंत माहिती नीट पोचत नाही आणि फोन सुरू होता होताच मरतो.

अनुक्रमांकाचे पहिले तीन अंक उत्पादनाचं वर्ष-महिना सांगतात, ५०५ म्हणजे मे २०१५. त्या सुरुवातीच्या महिन्यांतले फोन जास्त गेले. त्याच वर्षी एलजीनेच गूगलसाठी बनवलेल्या नेक्सस ५एक्स मध्येही हाच ८०८ होता, त्यालाही हाच रोग लागला. अमेरिकेत जी४, व्ही१०, जी५, व्ही२० आणि नेक्सस ५एक्स यांच्यावरून ग्राहक कोर्टात गेले. २०१८ मध्ये तडजोड झाली, ४२५ डॉलर रोख किंवा नव्या एलजी फोनवर ७०० डॉलर सवलत. बोर्ड गेलेल्या ग्राहकाला पुन्हा त्याच कंपनीचा फोन घ्यायला सांगणं ही मला तरी भरपाई वाटत नाही.

असा मेलेला जी४ अजून कपाटात असेल आणि त्यात घरच्यांचे फोटो अडकले असतील, तर एक जुना उपाय आहे. बॅटरी काढा. नुसता फोन झिप पिशवीत घालून, हवा दाबून काढून, फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवा. बॅटरी फ्रीजरमध्ये घालू नका. बाहेर काढल्यावर फोन पुसून बॅटरी बसवा, केबल कॉम्प्युटरला आधीच जोडून ठेवा आणि सुरू करा. थंडीने आकसल्यामुळे तडा गेलेला जोड थोडा वेळ टेकतो. मिळतात ती काही मिनिटं, म्हणून आधी फोटो असलेला डीसीआयएम फोल्डर ओढून घ्या, बाकीचं नंतर. चिप तापली की फोन पुन्हा जाणार. ओलाव्याचा धोका आहेच, त्यामुळे हा फक्त डेटा काढायचा मार्ग, दुरुस्ती नव्हे. दुकानात कोणी ‘हीट मारून देतो’ म्हणालं तर तेही तात्पुरतंच, वितळलेलं सोल्डर तड्यापुरतं जुळतं आणि काही आठवड्यांत पुन्हा सुटतं. रॅम आणि प्रोसेसर दोन्ही उचलून रिबॉल केलं, म्हणजे सोल्डरचे गोळे नव्याने बसवले, तर जास्त टिकतं, पण त्यासाठी हात कसलेला लागतो आणि खर्च फोनच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त होतो. नेक्सस ५एक्स वर आणखी एक युक्ती चालते. ८०८ मध्ये चार लहान आणि दोन मोठे कोअर, म्हणजे काम करणारे स्वतंत्र भाग, असतात. बदललेली बूट फाइल टाकून ते दोन मोठे कोअर बंद ठेवले की फोन संथ होतो, पण सुरू होतो. अट एकच, डेव्हलपर ऑप्शन्समधलं ओईएम अनलॉकिंग फोन जिवंत असतानाच चालू केलेलं हवं. आणि बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, अनलॉक केला की आतला सगळा डेटा पुसला जातो, म्हणून फोटो आधी काढा.

जी४ नंतर कंपनीने एखाद्या वर्षासाठी गप्प बसून फक्त टिकाऊ फोन बनवला असता तर लोक कदाचित परत आले असते. त्याऐवजी २०१६ मध्ये जी५ आला, खालची हनुवटी ओढून काढायची आणि दुसरा भाग बसवायचा. कॅमेऱ्याची मूठ, डॅक (डिजिटल आवाज हेडफोनपर्यंत पोचवणारी चिप), असे भाग वेगळे विकत घ्यायचे. भाग बदलताना बॅटरीच हनुवटीबरोबर बाहेर येत असल्याने फोन दर वेळी बंद व्हायचा. पुढच्या वर्षीचा जी६ सीलबंद निघाला आणि ज्यांनी ते भाग घेतले त्यांचे पैसे वाया गेले. या कंपनीचं खरं दुखणं ही धरसोड होती. मागची बटणं आणली आणि सोडली, वरची छोटी दुसरी स्क्रीन आणली आणि सोडली, हाताच्या शिरा ओळखणारा कॅमेरा आणला आणि सोडला, फिरणारी स्क्रीन आणली आणि मग धंदाच सोडला. अपडेट वेळेवर देण्यासाठी सोलमध्ये वेगळं केंद्र उघडलं ते एप्रिल २०१८ मध्ये, तोवर ग्राहक गेलेला होता.

एकच गोष्ट एलजीने बरीच वर्षं नेटाने जपली, ती म्हणजे तारेच्या हेडफोनचा आवाज. व्ही२० मधला ईएसएस कंपनीचा क्वाड डॅक आजही ऐकण्यासारखा आहे. व्ही३०, जी७, व्ही४०, जी८, जी८एक्स, व्ही६० यांतही क्वाड डॅक मिळतो. वेल्व्हेटमध्ये जॅक आहे पण हा डॅक नाही, फिरत्या स्क्रीनच्या विंगमध्ये जॅकच नाही. ब्लूटूथवर या डॅकचा काही उपयोग होत नाही. तार जोडताक्षणी फोन हेडफोनचा रोध मोजतो. ५० ओहमच्या खाली असेल तर साधा मोड, ५० ते ६०० मध्ये जास्त जोराचा मोड, त्यावर ऑक्स, म्हणजे बाहेरच्या स्पीकर-ॲम्प्लिफायरसाठीचा मोड. म्हणून ३२ ओहमचे हेडफोन कधीकधी दबलेले वाटतात. त्यावर उपाय असा: जॅकमध्ये एक ३.५ मिमीची एक्स्टेन्शन केबल लावा, तिच्या टोकाला आधी ५० ओहमवरचा एखादा हेडफोन जोडा, मग फोनकडचं टोक न काढता पलीकडे आपला हेडफोन जोडा. फोन जोराच्या मोडमध्येच राहतो. मात्र हे करण्याआधी आवाज अगदी खाली आणा, नाहीतर कानाला इजा होईल.

व्ही२० ची बॅटरीही खालचं बाजूचं बटण दाबलं की उघडून काढता येते. तिचा कोड बीएल-४४ई१एफ, जी४ ची बीएल-५१वायएफ, जी५ ची बीएल-४२डी१एफ, जी३ ची बीएल-५३वायएच. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बॅटऱ्या नकली असतात. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवून बघा. भोवऱ्यासारखी गरगरली तर ती मधून फुगलेली आहे, घेऊ नका.

आता जी८एक्स. सगळ्यात जास्त तक्रार चार्जिंगची असते. कव्हरमध्ये बसवल्यावर फोनचा टाइप-सी पोर्ट कव्हरच्या आतल्या प्लगवर चढतो, आणि बाहेर कव्हरच्या तळाला चुंबकाने चिकटणारे संपर्क असतात. चार्जिंगसाठी मध्ये एक छोटासा ॲडॉप्टर लागतो आणि तोच हरवतो. तो नसेल तर फोन कव्हरमधून काढून साध्या टाइप-सी केबलने चार्ज करा, काही बिघडत नाही. दुसरी स्क्रीन मध्येच दिसेनाशी होत असेल तर आधी पोर्टमधला कापसासारखा कचरा लाकडी टूथपिकने काढा, फोन बंद करून. मग कव्हरचा प्लग आणि तळाचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवलेल्या इअरबडने पुसा. कव्हरला स्वतःची बॅटरी नाही, ते फोनचीच खातं. गरज नसताना तरंगत्या बटणावरून दुसरी स्क्रीन बंद ठेवा. फोन १९२ ग्रॅम आणि कव्हर १३४, हातालाही तेवढाच आराम.

सॉफ्टवेअर बिघडलं तर आता फोनमधून किंवा एलजी ब्रिज या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममधून काही होणार नाही. केडीझेड फाइल (फोनचं पूर्ण सॉफ्टवेअर असलेली) आणि ती फोनमध्ये टाकणारा विंडोजवरचा एलजीयूपी प्रोग्रॅम हाच रस्ता उरलाय. फोन बंद करा, आवाज वाढवायचं बटण दाबून धरा आणि केबल जोडा, डाउनलोड मोड येतो. ‘अपग्रेड’ निवडलं तर डेटा राहतो, ‘रिफर्बिश’ने सगळं पुसलं जातं. फाइल आपल्याच मॉडेलची हवी, भारतातल्या जी८एक्सचा कोड एलएम-जी८५०ईएमडब्ल्यू. आणि सध्याच्या आवृत्तीपेक्षा जुनी फाइल टाकू नका. जुन्याकडे परतण्याला आडवं येणारं कुलूप चिपमध्येच असतं आणि ते लागलं की फोन कायमचा दगड होतो. फाइल आता उतरवून ठेवा, या फाइली ठेवणाऱ्या खासगी साइट किती दिवस राहतील याचा नेम नाही.

बूटलोडर अनलॉक करण्याची अधिकृत सोय ३१ डिसेंबर २०२१ लाच संपली. काही मॉडेलांवर चिप बनवणाऱ्या क्वालकॉमच्या ९००८ या आणीबाणीच्या मोडमधून आडमार्ग आहेत, पण अनलॉक केलेल्या फोनवर यूपीआय आणि बँकांची ॲप्स अडतात. खरं तर अनलॉक न करताही अशा फोनवर बँकेचं ॲप ठेवू नये, कारण सुरक्षेचे पॅच थांबलेत. सिम, बँक आणि ओटीपी दुसऱ्या फोनवर न्या. या फोनवर गाणी ठेवा. व्ही२० असेल तर मेमरी कार्ड घाला, नवी बॅटरी टाका, विमान मोड चालू करा आणि चांगला तारेचा हेडफोन लावा.