आमची वाटचाल : एका काळ्या पट्टीमागे

सुरुवातीला आम्ही तिघंच होतो. हाताशी एक सेकंडहँड पोटेन्शिओस्टॅट (ठरावीक व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) आणि रक्तातलं मायोग्लोबिन कार्बनच्या काळ्या पट्टीवर विजेच्या प्रवाहावरून मोजायची जिद्द. स्नायूंमधलं हे प्रथिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली की एक ते तीन तासांत रक्तात वाढू लागतं. अर्थात हातापायाच्या स्नायूला मार लागला तरी ते वाढतंच. त्यामुळे ‘हार्ट अटॅक ओळखणारी पट्टी’ असं आम्ही कधी म्हटलं नाही, म्हणू नका असं विक्रीवाल्यांनाही बजावलं.

मायोग्लोबिनमध्ये हीम नावाचा लोह असलेला भाग असतो, त्यातलं लोह इलेक्ट्रॉन घेतं आणि सोडतं. पण हीम प्रथिनाच्या घडीत दडलेलं, त्यामुळे साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर (पट्टीच्या वीज वाहणाऱ्या भागावर) प्रवाहाचा आलेख जवळजवळ सपाट यायचा. कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि सोन्याचे नॅनोकण लावले आणि उणे 0.3 व्होल्टच्या आसपास छान शिखर उभं राहिलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, जिंकलो!

पण ते सगळं बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या स्वच्छ द्रावणात होतं. खऱ्या सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) पहिला नमुना किंचित गुलाबी होता, म्हणजे रक्त काढताना लाल पेशी फुटलेल्या. हिमोग्लोबिनमध्येही तेच हीम, आणि एकाऐवजी चार! शिवाय एक मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम, तर आम्ही शोधत होतो ते नॅनोग्रॅममध्ये. आमचं लाडकं शिखर कुणाचं, हे सांगायची सोयच उरली नाही.

मग थेट हीमचा नाद सोडला. सोन्याच्या कणांवर मायोग्लोबिनलाच धरणारी प्रतिपिंडं बसवली. मायोग्लोबिन अडकलं की पृष्ठभाग झाकला जातो आणि द्रावणात घातलेल्या फेरिसायनाइडचा (इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणाऱ्या क्षाराचा) प्रवाह घटतो. ही घट मोजायची. पण सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन तिथे विनाकारण चिकटायचं आणि प्रवाह उगाच पाडायचं. त्यावर उपाय म्हणून मोकळ्या जागा आधीच गाईच्या अल्ब्युमिनने भरून टाकल्या. काट्याने काटा काढला म्हणा ना.

सगळ्यात जास्त महिने मात्र एका थेंबाने खाल्ले. नॅनोट्यूबचं द्रावण पिपेटने इलेक्ट्रोडवर सोडायचो. वाळताना कण कडेला ओढले जायचे. भिंगाखाली बघावं तर कडेला काळं कडं, मधे फिकट. दोन पट्ट्या सारख्या येईनात. शेवटी थेंब बंद केला, नॅनोट्यूब कार्बनच्या शाईतच घोटले आणि जाळीतून छापायला लागलो. संवेदनशीलता थोडी गेली, पण मला त्याचं दुःख नाही. शोधनिबंधाला एक उत्तम पट्टी पुरते, गिऱ्हाइकाला शंभरावीही तशीच लागते.

आज आमच्या पट्ट्या संशोधन प्रयोगशाळांत जातात, रुग्णाच्या निदानासाठी आम्ही त्या विकत नाही. गुलाबी सीरम अजूनही त्रास देतं. म्हणून प्रत्येक बॅचमधल्या काही पट्ट्यांवर आम्ही मुद्दाम पेशी फोडलेलं रक्त मिसळलेलं सीरम टाकतो. त्यात आकडा हलला की ती बॅच बाहेर जात नाही.