पुढच्या कन्सोलची लढाई २०१३ मध्येच निम्मी संपलीये

सोनीचा प्लेस्टेशन ६ म्हणजे पीएस६ येणार, मायक्रोसॉफ्टचा नवा एक्सबॉक्स येणार, निन्टेन्डोचा स्विच २ तर आलाच आहे, आणि गेमिंगच्या प्रत्येक ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, कुणाची चिप भारी, कुणाचे टेराफ्लॉप (चिपचा वेग मोजायचं माप) जास्त. मला त्या आकड्यांत फारसा रस नाही. नुसतं ताकदवान मशीन आहे म्हणून कन्सोल जिंकतो असं नाही, पीएस२ हा एक्सबॉक्स आणि गेमक्यूबपेक्षा कमजोर होता तरी १६ कोटी खपला, आणि निन्टेन्डोच्या वी (Wii) मध्ये तर एचडी पण नव्हतं तरी १० कोटींच्या वर गेला.

मग जिंकतं कोण? माझं मत असं की यावेळी लोकांनी आधीच विकत घेऊन ठेवलेले गेम्स निकाल लावणार.

२०१३ आठवा. सोनीने पीएस४ आणला ३९९ डॉलरला, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन आणला किनेक्ट कॅमेऱ्यासकट ४९९ ला, वर टीव्ही बघा, हे बघा ते बघा असं सगळं, गेम्सचं बोलणं त्यामानाने कमीच. पीएस४ पुढे ११.७ कोटींपर्यंत गेला, एक्सबॉक्स बराच मागे राहिला, इतका की मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून विक्रीचे आकडे सांगणंच थांबवलं. पण नुसत्या हरण्यापेक्षा ते *कधी* हरले हे जास्त महागात पडलं. फिल स्पेन्सर, म्हणजे तेव्हाचे एक्सबॉक्सचे प्रमुख, २०२३ मध्ये एका मुलाखतीत हेच बोलले होते की जी पिढी हरायला नको होती नेमकी तीच आम्ही हरलो, कारण लोकांनी आपली डिजिटल लायब्ररी, म्हणजे डिस्कऐवजी अकाउंटवर विकत घेतलेले गेम्स, त्याच काळात उभी केली. मला ते वाक्य फार प्रामाणिक वाटलं होतं आणि अजूनही सगळा खेळ त्यातच दिसतो.

कारण त्याआधी असं नव्हतं. पीएस२ एवढा खपूनही सोनी २००६ मध्ये आपटलीच की. पीएस३ ची किंमत वरच्या मॉडेलला ५९९ डॉलर, आत ब्लू-रे ड्राइव्ह आणि तो सेल प्रोसेसर ज्यावर गेम बनवताना डेव्हलपर लोकांच्या नाकी नऊ आले, आणि एक्सबॉक्स ३६० एक वर्ष आधी येऊन ३९९ ला बाजारात बसलेला. पीएस२ च्या डिस्क सुरुवातीच्या पीएस३ वर चालायच्या, नंतर खर्च वाचवायला ते पण काढून टाकलं. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला धरून ठेवणारं काही उरलंच नाही, उठला आणि गेला ३६० कडे. पीएस३ शेवटी सावरला, ८.७ कोटींवर गेला, पण निम्मी पिढी त्या सावरण्यातच गेली.

आता बघा, पीएस४ चे जवळजवळ सगळे गेम्स पीएस५ वर चालतात आणि पीएस६ वर पण चालणार हे मी धरून चाललोय. ज्याच्या अकाउंटवर दहा वर्षांचे गेम्स, सेव्ह, ट्रॉफी, मित्रांची लिस्ट आहे त्याच्यासाठी कन्सोल बदलणं म्हणजे भरलं घर सोडून भाड्याच्या खोलीत जाणं. पीएस५ सप्टेंबर २०२५ पर्यंत ८.४ कोटी खपलाय, त्यातले बहुतेक लोक कुठे जाणार? कुठेच नाही.

म्हणून माझं भाकीत, टीव्हीखालच्या कन्सोलमध्ये पीएस६ पहिला. पण पीएस४ एवढा खपणार नाही, आणि याचं कारण किंमत. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, पीएस२ २९९ डॉलरवरून ९९ पर्यंत खाली आला होता. आता उलटंच चाललंय, पीएस५ अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ४९९ चा ५४९ झाला, एक्सबॉक्स सिरीज एक्स तर त्याच एका वर्षात ४९९ चा ६४९. त्यात एआयच्या डेटा सेंटर्समुळे मेमरीचे भाव भडकलेत. अशात पीएस६ ६०० डॉलरच्या आत आणून दाखवला तर मी सोनीला मानेन. आणि जीटीए ६ पीएस५ वरच मस्त चालणार असेल तर घाई कुणाला आहे, पहिली दोन वर्षं थंड जातील असं मला वाटतं.

एक्सबॉक्सबद्दल लोक फार वाईट बोलतायत, मला ते पटत नाही. फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स पीएस५ वर गेले, हेलो पण जातोय, म्हणजे एक्सक्लुझिव्हची, फक्त आपल्याच कन्सोलवर मिळणाऱ्या गेम्सची, लढाई त्यांनी सोडलीच. पुढचं मशीन एएमडीच्या चिपवर आणि एकदम प्रीमियम असणार असं त्यांनीच सांगितलंय, मला तो टीव्हीला लावायचा विंडोज पीसीच दिसतोय. खप कमी होणार, सिरीज एक्स-एसपेक्षाही कमी होईल असं माझं मत. पण ज्याची स्टीमवर, म्हणजे वाल्व कंपनीच्या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, लायब्ररी आहे त्याला तो खरंच आवडू शकतो, अर्थात तिथे वाल्वचं स्वतःचं टीव्हीला लावायचं स्टीम मशीन पण समोर उभं असणार.

निन्टेन्डोला या भांडणात मी धरतच नाही. स्विच २ जून २०२५ मध्ये आला, चार दिवसांत ३५ लाख, सप्टेंबरअखेर १ कोटीच्या वर. मारिओ, झेल्डा, पोकेमॉनचे मोठे गेम्स दुसऱ्या कन्सोलवर मिळतच नाहीत, त्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक त्यांच्याकडेच राहणार. पहिल्या स्विचएवढा मात्र जाणार नाही असं वाटतं, तो ४४९ डॉलरचा नव्हता.

आता आपलं. भारतात निन्टेन्डो अधिकृतपणे नाहीच, स्विच घ्यायचा तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी इम्पोर्टवाला आणि वॉरंटी देवावर. पीएस५ जगात नोव्हेंबर २०२० ला आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. पीएस५ प्रो तर लाँचला इथे आणलाच नाही, कारण त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा बँड आपल्याकडे खुला नव्हता. त्यामुळे पीएस६ पण आपल्याकडे काही महिने उशिरा येईल हे धरूनच चाला.

आणि माझी खरी काळजी डिस्कची आहे. इथे ४,९९९ चा गेम किती पोरं नवा घेतात? डिस्क घ्यायची, संपवायची, विकायची, त्याच पैशात पुढची घ्यायची, पुण्या-मुंबईत किती जणांचं गेमिंग यावरच चालतं. पीएस५ स्लिमपासून ड्राइव्ह सुटा होतोच, पीएस६ मध्ये तो बॉक्समध्ये नसेल आणि वेगळे पैसे देऊन घ्यावा लागेल असं मला जवळजवळ नक्की वाटतं. सोनीने तो ड्राइव्ह इथे पहिल्या दिवसापासून आणि धड किमतीत विकायला हवा, नाहीतर भारतात पीएस६ ला सगळ्यात मोठी टक्कर एक्सबॉक्सची नसेल, सेकंडहँड पीएस५ ची असेल.