ओसेलाटस अपडेट: शंख ठेवले सात, दिसतायत तीन

मंडळी, टँक लावून दीड महिना झाला, आता सांगण्यासारखं काहीतरी आहे. लॅम्प्रोलोगस ओसेलाटस, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा छोटा मासा, एक मेल आणि दोन फिमेल, २ फुटी टँक, खाली ३ इंच बारीक वाळू, ॲपल स्नेलचे ७ शंख. शंख मी मस्त अंतरा-अंतरावर, तोंडं काचेकडे करून मांडले होते, म्हणजे आपल्याला बघायला बरं. मासे सोडले त्या रात्रीच माझी मांडणी संपली.

मेल जेमतेम साडेपाच सेंटीमीटरचा पण काम जेसीबीचं. तोंडात वाळू भरायची, लांब जाऊन थुंकायची, मध्येच शंखाच्या बुडाशी डोकं खुपसून शेपटी अशी फडफडवायची की वाळू उडून शंख हळूहळू खाली बसतो, मग वरून परत वाळू, आणि शेवटी जमिनीला लागून फक्त एक काळं भोक उरतं. हे तीन शंखांचं. बाकीच्या चारांचं भोकसुद्धा ठेवलं नाही. मला वाटलं वाळू ढासळली असेल, उकरून धुऊन परत ठेवले, सकाळी गायब. तीनदा हाच खेळ झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

हा मासा मूळचा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला. सरोवर एवढं मोठं, जवळपास ६७० किमी लांब आणि १,४७० मीटर खोल, पण हा मासा राहतो काठालगतच्या उघड्या वाळू-चिखलात. लपायला दगड नाही, झाड नाही, आहेत ते निओथॉमा नावाच्या तिथल्याच गोगलगायीचे रिकामे शंख. पाणी इतकं अल्कलाइन की (पीएच ९ च्या आसपास) गोगलगाय मेली तरी शंख विरघळत नाही, तसाच पडून राहतो. मल्टीज (याच सरोवरातले दुसरे शंखात राहणारे मासे) कसे शंखांच्या ढिगाऱ्यात चाळीसारखे दाटीने राहतात, तसं याचं नाही, इथे शंख विखुरलेले आणि प्रत्येकाचा स्वतःचा वेगळा. म्हणजे रिकामा शंख उघडा ठेवला की कोणीतरी येऊन बिऱ्हाड करणार! जास्तीचे पुरून टाकले की भानगडच नाही. मी बापडा रोज उकरून त्याच्या दारात भाडेकरू बोलवत होतो.

मध्ये फिल्टरच्या इंपेलरमध्ये (आतल्या फिरत्या चाकात) वाळू जाऊन तो बंद पडला, आता पाणी ओढतो त्या तोंडावर स्पॉन्ज लावलाय. पीएच ८.४, टेम्परेचर २६.

खरा त्रास फिमेलचा. मेलने उघडे ठेवलेले तिन्ही शंख एकाच बाजूला, त्यामुळे मोठी फिमेल धाकटीला टेकू देईना, ती बिचारी दिवसभर वर कोपऱ्यात, शेपटी फाटलेली. मेल भांडण सोडवायला मध्ये पडायचा पण किती वेळ पडणार. शेवटी तिसरा शंख उचलून दुसऱ्या टोकाला ठेवला, मध्ये एक दगड आडवा. दोन दिवसांत ती खाली उतरली, आणि गंमत म्हणजे मेलने तो शंखही जाऊन नीट वाळूत बसवून दिला.

त्यानंतर आठवड्याने मोठी आत जाऊन बसली ती फक्त खायला बाहेर. अंडी दिसत नाहीत हो, शंखाच्या आतल्या वळणात असतात, मेल फक्त शंखाच्या तोंडाशी येऊन मिल्ट (वीर्य) सोडतो. ११ व्या दिवशी भोकाच्या कडेला पिना टोचाव्यात तशी पिल्लं दिसली, मोजली ९, मी हललो की सगळी एकदम आत. बेबी ब्राइन श्रिम्प (पिल्लांना खायला बारीक जिवंत कोळंबीसारखे जीव) ड्रॉपरने थेट भोकापाशी सोडतोय.

ओसेलाटस हे नाव कल्ल्याच्या झाकणावरच्या सोनेरी कडेच्या काळ्या ठिपक्यावरून, म्हणजे डोळ्यासारखा ठिपका. पुस्तकात वाचून काही वाटलं नव्हतं, पण पिल्लं आल्यावर हात आत घातला तर ही चार सेंटीमीटरची बाई कल्ले फुगवून समोर उभी, आणि ते दोन खोटे डोळे माझ्याकडे रोखलेले.

पुरलेले चार शंख आता मी काढत नाहीये. वॉटर चेंजला सायफन फिरवताना एखादं टोक उघडं पडतं, मी पटकन वाळू ओढून देतो, नाहीतर साहेब येऊन बोटाला चावतात.