देवाने आधी झोपू दिलं

आई आजारी होती तेव्हा मी रोज प्रार्थना करायचो, पण खरं सांगायचं तर ती प्रार्थना कमी आणि चौकशीची खिडकी जास्त होती. नोकरी सोडून घरी बसू का, ऑपरेशन आत्ता करू की थांबू, सांग ना देवा, हो की नाही एवढंच सांग. उत्तर काही यायचं नाही, मग चिडचिड, मग देवावर चिडलो म्हणून अपराधी वाटणं, आणि रात्रभर मोबाईलवर आईचे रिपोर्ट झूम करून बघत बसणं (त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं तरी).

अशाच एका रात्री बायबलमधल्या एलीया या संदेष्ट्याची (देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्याची) गोष्ट परत वाचली. पहिले राजे हे पुस्तक, 19 वा अध्याय. मला कायम त्याच्या आधीचा, कर्मेल डोंगरावर बआल नावाच्या दुसऱ्या दैवताच्या 450 संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला एलीया आठवायचा. पण लगेच पुढच्याच अध्यायात हाच माणूस ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो बास झालं, आता मरण दे. यावर देव त्याला ना उपदेश करतो ना दटावतो. झोपू देतो. मग देवदूत उठवून भाकर आणि पाणी देतो, तो खातो, परत झोपतो, परत उठून खातो, आणि मग कुठे 40 दिवस 40 रात्री चालून होरेब डोंगराशी पोचतो.

तिथे आधी वारा, भूकंप, अग्नी येतात आणि शेवटी देवाचा मंद आवाज, हे गोष्ट वाचलेल्या सगळ्यांनाच माहीत असतं. मला त्या रात्री वेगळंच दिसलं. देव विचारतो इथे काय करतोयस, एलीया गाऱ्हाणं सांगतो. आवाज ऐकून झाल्यावर देव परत तेच विचारतो आणि हा पठ्ठ्या शब्दन् शब्द तेच गाऱ्हाणं परत ऐकवतो! तरी देव वैतागत नाही. मागे फीर म्हणतो, तिघांना अभिषेक करून नेमायचं काम देतो आणि जाता जाता सांगतो की इस्राएलात अजून 7000 जण आहेत जे बआलपुढे वाकलेले नाहीत.

मी फोन ठेवला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून पुढच्या सहा महिन्यांचं विचारणं सोडलं, फक्त आज काय करू एवढंच विचारायचो, आणि आजचं बऱ्याचदा कळायचं. पहिलं कळलं ते म्हणजे ताईला फोन कर आणि सांग की मला एकट्याला झेपत नाहीये. ती म्हणाली, अरे मी कधीची वाट बघतेय तू कधी बोलतोस याची.

आनंदाबद्दल लिहायला जरा बिचकतो, कारण भेटायला येणारे "देव आहे ना, आनंदी राहा" म्हणायचे तेव्हा मला त्यांना दार दाखवावंसं वाटायचं. पण बायबलमधलं 16 वं स्तोत्र बघा, शेवटी देवाच्या सान्निध्यात भरपूर आनंद आहे म्हणतं आणि सुरुवात होते "मला सांभाळ" अशी, म्हणजे गाणारा स्वतःच संकटात आहे. एका संध्याकाळी सलाईन चालू असताना आई प्रार्थनेचं गाणं गुणगुणायला लागली, दुसरं कडवं विसरली, मला विचारलं तर मीही विसरलेलो, मग तिने भलतेच शब्द घुसवून गाणं रेटून नेलं आणि आम्ही दोघं इतके हसलो की नर्सने येऊन हळू म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट आदल्या आठवड्यासारखाच होता. मी तो झूम नाही केला.